कोरियातील स्नानगृहाच्या उंबरठ्यावर

माझा भाचा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवितो. यंत्रखरेदीच्या निमित्ताने तो प्रथमच दक्षिण कोरियात गेला होता. सौदा ठरला. त्या आनंदात यंत्रे विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी त्याला सायंकाळी सार्वजनिक स्नानगृहात येण्याचे निमंत्रण दिले. तेथे सर्वांनी विवस्त्र होऊन स्नान करावयाचे असते, एवढेच भाच्याने ऐकले होते. तो गांगरला आणि ताप आल्याचे सांगून खोलीवर जाऊन बसला. तासाभराने दारावर टकटक झाली. ते गृहस्थ तांदळाची साधी पेज घेऊन स्वतः आले होते. हा मांसाहार करीत नाही हे लक्षात ठेवून त्यांनी ती मुद्दाम घरी करवून आणली होती.

परतल्यावर भाचा मला म्हणाला, “मामा, आजवर हजारो रुपयांच्या व्यवहारांत मी खोटे बोललो नाही; आणि तेथे टॉवेलापायी बोललो. ती पेज घशाखाली उतरेना.”

वाचकहो, आपली मुले आता व्यापारासाठी, शिक्षणासाठी दूरदेशी जातात. तेथील रीत आधी ठाऊक असली, तर नकारही सत्याने आणि नम्रतेने देता येतो. म्हणून हा विषय आज मांडीत आहे.

कोरियात या स्थानाला ‘चिम्जिलबांग’ म्हणतात. प्रवेशद्वारी पादत्राणे लहान कपाटात ठेवावी लागतात. पैसे भरल्यावर मनगटात बांधावयाची किल्ली, सुती सदरा, अर्धी विजार आणि लहान टॉवेल मिळतात. आत जे काही घ्याल, ते बहुधा त्या किल्लीच्या क्रमांकावर लिहिले जाते आणि निघताना हिशेब होतो. व्यापारी माणसाला ही खातेवही लगेच समजते.

पुढे दोन स्वतंत्र विभाग असतात. पहिला स्नानाचा. स्त्रिया आणि पुरुष यांची स्नानगृहे पूर्णपणे वेगळी असतात. आत वस्त्र नेत नाहीत. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. कुंडात उतरण्यापूर्वी ठेंगण्या आसनावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुणे हा पहिला नियम आहे. केस बांधावेत, टॉवेल कुंडाच्या पाण्यात बुडवू नये. कुंडे निरनिराळ्या उष्णतेची असतात. चाळिशीच्या आसपासच्या अंशाचे पाणी नवख्याला पुरे. तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही. आजोबा नातवाची पाठ घासतात, लेक आईची घासते.

हवे असल्यास निराळे पैसे देऊन सेवकाकडून अंग घासून घेता येते. त्यासाठीच्या खरखरीत कापडी पिशवीला कोरियात ‘इटली टॉवेल’ असेच नाव आहे. त्वचेवरील मळाच्या वळ्या निघतात, हे पाहून नवखा संकोचतो. आपल्याला यात नवल वाटू नये. नरक चतुर्दशीच्या पहाटे आईने उटणे लावून अंग कसे रगडले होते, ते आठवावे.

दुसरा विभाग उष्ण दालनांचा. येथे सर्वजण तो सुती वेश घालून असतात. त्यामुळे स्त्री-पुरुष, मुले, वृद्ध अशी सारी कुटुंबे एकत्र बसतात. मीठ, माती, कोळसा अशा निरनिराळ्या द्रव्यांनी मढविलेली तापलेली दालने असतात. मध्यभागी उबदार जमिनीचा मोठा दिवाणखाना असतो. टॉवेलाची मेंढीच्या शिंगांसारखी टोपी करून लोक गप्पा मारतात, कोणी तेथेच रात्रभर निजतात. घाम काढण्याची ही प्रथा जुनी आहे. पंधराव्या शतकात राजा सेजोंग याच्या काळी बौद्ध भिक्षू अशा उष्ण भट्ट्यांतून आजारी जनांची सेवा करीत. आज दिसणारी मोठी चिम्जिलबांगे मात्र १९९० नंतरच्या दशकात फोफावली.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की स्नान टाळून केवळ या दुसऱ्या विभागात बसता येते. भाच्याला हे ठाऊक असते, तर तापाची सबब सांगावी लागली नसती.

आहाराविषयी सावध असावे. तेथील आवडता खाऊ म्हणजे भाजलेली अंडी; समुद्री शेवाळाच्या सारात पुष्कळदा मांस असते. बाहेरचे पदार्थ आत नेऊ देतीलच असे नाही. म्हणून सूर्यास्तापूर्वी आपले हलके भोजन उरकून, थोडा वेळ जाऊ देऊन मग जावे. भरल्या पोटी उष्ण दालनात बसू नये. उपवासात किंवा पारण्याच्या दिवशी तर जाऊच नये. घामाने शरीरातील पाणी कमी होऊन भोवळ येते. रक्तदाब, हृदयविकार, गर्भावस्था, ताप किंवा उघडी जखम असेल, तर वैद्यकीय सल्ल्यावाचून जाऊ नये. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. उठताना सावकाश उठावे. आणि अंग घासताना नळ बंद ठेवावा. बारवी धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या, उन्हाळ्यातील पाणीकपात सोसणाऱ्या आपल्याला हा विवेक शिकवावा लागू नये.

तरीही परक्यांसोबत स्नान ही कल्पना मनाला रुचत नसेल, तर एकदा वज्रेश्वरीला जाऊन पाहावे. कल्याणहून भिवंडी, अंबाडीमार्गे तानसा नदीच्या काठी पोहोचता येते. वसईच्या मोहिमेत बोललेला नवस १७३९ च्या विजयानंतर फेडताना चिमाजी अप्पांनी तेथील देवीचे मंदिर उभारले, अशी परंपरा आहे. जवळच अकलोली आणि गणेशपुरी येथे उष्ण पाण्याची कुंडे आहेत. भाच्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, गुडघेदुखीसाठी आम्ही तेथे नेले होते. ती काठावर पदर सावरून बराच वेळ उभी राहिली. शेवटी पाण्यातील एका अनोळखी आगरी बाईने हात पुढे केला, “या आजी, पायरी निसरडी आहे.” आई उतरली. घरी येईतो गुडघ्यापेक्षा त्या बाईविषयीच अधिक बोलत होती.

ही आठवण काढल्यावर भाचा काही वेळ स्तब्ध बसला. मग त्याने त्या वृद्ध गृहस्थांना पत्र लिहिले: ताप नव्हता, लाज होती, क्षमा असावी. चार दिवसांनी उत्तर आले. त्यांनी लिहिले होते की, तरुणपणी परदेशात असताना एका यजमानाकडे हाताने जेवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनीही पोटदुखीची सबब सांगितली होती.

येत्या हिवाळ्यात ते यंत्रे बसविण्यासाठी अंबरनाथला येत आहेत. भाचा त्यांना अकलोलीला नेणार आहे. परंतु यावेळी त्याने एक गोष्ट आधीच कळविली आहे: आमच्याकडे कुंडात उतरताना वस्त्र अंगावरच ठेवतात.