बुलेटचा आवाज : दोष चालकाचा की दुकानाचा?

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडावेत, छायाचित्रकारांना पाचारण करावे आणि मग त्या ओळीवरून रोडरोलर फिरवावा, हे दृश्य महाराष्ट्रातील शहरांना आता नवे राहिलेले नाही. पत्रा चिरडल्याचा तो आवाज ऐकून कित्येकांना समाधान वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. रात्री अकरा वाजता घराखालून जाणाऱ्या एका बुलेटने आजारी माणसाची झोप मोडावी, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसलेल्या मुलांनी कानावर हात ठेवावेत, हे कोणत्याही सुजाण समाजाने सहन करू नये. प्रश्न एवढाच आहे की, रोडरोलर पुढे सरकल्यानंतर काय होते? ज्या बाजारपेठेतून तो सायलेन्सर आला, तेथे तसाच दुसरा टांगलेला असतो.

आधी आकड्यांकडे पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या परिसरातील शांतता क्षेत्रांत ती अनुक्रमे ५० व ४० आहे. दुसरीकडे, १७५ घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाची मोटारसायकल कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलच्या आत असावी, असा दंडक आहे. हे दोन्ही आकडे एकाच रीतीने मोजलेले नाहीत, म्हणून त्यांची सरळ वजाबाकी करू नये. परंतु डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. ८० चे ९० होणे म्हणजे 'थोडेसे जास्त' नव्हे.

येथपर्यंत मतभेदाला जागा नाही. मतभेद सुरू होतो तो जुन्या गाडीपाशी. सायलेन्सर बदलणारा प्रत्येक जण उडाणटप्पू असतो, अशी एक समजूत रोडरोलरच्या छायाचित्रांमुळे रूढ होत चालली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे रेडिचचा कारखाना बंद पडल्यावरही मद्रासजवळच्या तिरुवोत्रियूरची बुलेट तयार होतच राहिली. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जावा व पुढे येझदी बनविल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना थांबला. या गाड्या आज शेकडो घरांत आहेत. वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून घेतलेली बुलेट मुलगा पंचवीस-तीस वर्षे सांभाळतो, यात उन्माद कसला?

अशा गाडीचा सायलेन्सर कधी ना कधी जातोच, आणि बहुधा तो बाहेरून नव्हे तर आतून जातो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी लांबवर चालली तर सायलेन्सर तापून ही वाफ निघून जाते. घर ते कचेरी असा दोन मैलांचा फेरा असला की ती आतच थंडावते आणि पत्रा गंजवू लागते. वरचा क्रोम चकाकत असतो, आणि एके दिवशी तळाला भोक पडते. मग मालकाला नवा सायलेन्सर घ्यावाच लागतो. कंपनीचा मूळ भाग मिळाला तर उत्तम. येझदीसारख्या बंद झालेल्या गाडीचा तो मिळणे दुरापास्तच. अखेर तो बाजारातील पर्यायी मालाकडे वळतो, आणि तेथे त्याची निवड कशाच्या आधारे होते? वजन, चकाकी, किंमत आणि दुकानदाराने रेस करून ऐकविलेला आवाज! आवाजाचे मोजमाप, बनविणाऱ्याचे नाव वा एखाद्या संस्थेची मान्यता यांपैकी काहीही त्या वस्तूवर बहुधा नसते.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे, कारण या विषयातील निम्मा गैरसमज त्याच्या अभावी पसरलेला आहे. सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या शेपटीला लावलेले बूच, ते काढले की इंजिन मोकळा श्वास घेते, अशी भाबडी समजूत आहे. जुन्या बुलेटचे इंजिन ३४६ घन सेंटिमीटरचे, दट्ट्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे लांब धावेचे, सावकाश फिरणारे, कमी वेगात जोर देणारे. त्याच्या नळीची लांबी, सायलेन्सरची पोकळी आणि कार्बोरेटरमधील जेट ही तिन्ही एकमेकांशी जुळवून ठरविलेली असतात. आतल्या भिंती नसलेली मोकळी नळी लावली की हवा अधिक खेचली जाते, पण पेट्रोल तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, बेंड पाइप निळा पडतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच फटाके वाजू लागतात. हे फटाके म्हणजे गाडीची ताकद असे मानणारे तरुण भेटतात तेव्हा त्यांची कीव येते. कार्बोरेटरचा मेन जेट न बदलता असा सायलेन्सर बसविणारा मेकॅनिक गाडीचे आयुष्य कमी करीत असतो.

आता तर त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जुन्या कार्बोरेटरला हे कळण्याचा काही मार्ग नाही, त्यामुळे त्यातील मिश्रण आधीच थोडे पातळ झालेले असते. त्यावर मोकळा सायलेन्सर म्हणजे दुहेरी संकट होय.

बसविण्याची रीतही महत्त्वाची. जुन्या बुलेटचा बेंड पाइप सिलिंडर हेडमध्ये नुसता दाबून बसतो. तो सांधा सैल राहिला तर बाहेरची हवा आत शिरते आणि मग सायलेन्सर कितीही चांगला असला तरी बार उडतातच. सर्व बोल्ट प्रथम सैल ठेवावेत, नळी हेडमध्ये पक्की बसवावी, आणि मग पुढून मागे या क्रमाने आवळत यावे, ही जुन्या कारागिरांची पद्धत. उलट क्रमाने आवळले की ताण राहतो आणि काही महिन्यांत पकडीजवळ तडा जातो. बाजारातील पुष्कळ सायलेन्सरांत जाळीच्या नळीभोवती काचतंतू भरलेले असतात. ते हळूहळू जळून उडून जातात. म्हणजे पहिल्या दिवशी सभ्य वाटलेला सायलेन्सर वर्षभरात गर्जू लागतो, आणि मालकाला रोजच्या सवयीमुळे तो फरक जाणवतही नाही. शेजाऱ्यांना जाणवतो.

दोन धावांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक गाडीत तर नळी हाच इंजिनाचा अर्धा भाग. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचा अभियंता वाल्टर काडेन याने १९५० च्या दशकात फुगीर नळीतून परतणाऱ्या दाबाच्या लाटेचा उपयोग करून लहानशा इंजिनातून अचाट शक्ती मिळविली. १९६१ मध्ये त्याच कारखान्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पळाला आणि ते ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेला. ज्या नळीसाठी माणसाने देश सोडला, ती कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून अंदाजाने बनवून घेऊन आरएक्स १०० ला लावणाऱ्यांनी हा इतिहास एकवार वाचावा. येझदीच्या सायलेन्सरमधील आतली नळी तेलाच्या काजळीने तुंबते. ती काढून साफ करणे हा नेहमीच्या देखभालीचा भाग. पण साफ करण्यासाठी काढलेली नळी परत न बसविण्याची खोड अनेकांना लागली, आणि येझदी बदनाम झाली.

'जुन्या गाडीचा अस्सल आवाज' हा या प्रकरणातील सर्वांत फसवा शब्दप्रयोग आहे. बुलेटचा ठेका लोकांना आवडतो, आणि त्याला कारण आहे. चार धावांच्या एका सिलिंडरात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. मिनिटाला हजार फेऱ्यांवर उभ्या असलेल्या गाडीत सेकंदाला आठच ठोके पडतात आणि ते कानाला जवळजवळ मोजता येतात. हा ठेका इंजिनाच्या घडणीतून येतो, त्याच्या मोठेपणाशी संबंध नाही. मूळ सायलेन्सरसह धावणारी साठ-सत्तरच्या दशकांतील बुलेट गंभीर, खालच्या पट्टीत बोलणारी गाडी होती. आज वाड्यांच्या भिंती हादरविणारा आवाज वडिलांच्या बुलेटचा कधीच नव्हता.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अधिक ठाम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १९०(२) खाली ध्वनिमर्यादा मोडणाऱ्या चालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यास मुकणे, अशी कडक शिक्षा ठेवली. गाडीत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे पाच हजारांपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सुट्या भागांच्या विक्रेत्यावरही शिक्षा आहे, पण ती केंद्राने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरती. सायलेन्सरचे काम शांतता राखणे, त्यामुळे ही तरतूद त्याच्या दुकानदारापर्यंत सहजी पोचत नाही. अधूनमधून दुकानांवर छापे पडतात, नाही असे नाही. पण नियमित धाक चालकालाच.

२०२१ साली केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या दुचाकीला 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्यासाठी नोंदणी शुल्क वीस हजार रुपये, आणि गाडी बाहेर काढावयाची ती प्रदर्शन, शर्यतीसारखी फेरी, इंधन वा दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ही सोय संग्राहकासाठी आहे. १९८५ च्या येझदीवरून रोज शाळेत जाणाऱ्या मास्तरांना तिचा उपयोग नाही.

बुलेटच्या माहेरी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला गेला. ब्रिटिश पार्लमेंटने १९८७ मध्ये मोटारसायकलींच्या आवाजासंबंधी जो कायदा केला, त्याचा रोख चालकावर नसून विहित मानकात न बसणारे सायलेन्सर पुरविणाऱ्यावर, विक्रीसाठी मांडणाऱ्यावर व बाळगणाऱ्यावर आहे. पर्यायी सायलेन्सरची चाचणी घेऊन त्यावर मान्यतेची खूण उमटविण्याचा नियम संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या चौकटीतही आहे. ग्राहकाने खूण पाहावी, पोलिसानेही खूणच पाहावी. चौकात कानाने न्याय करण्याची वेळ मग क्वचितच येते.

आपल्याकडे अशी खूण का असू नये? पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनचाचणीची संस्था १९६६ पासून आहे. तिला हे काम नवे नाही. अडचण सांगितली जाते ती अशी की, साठ वर्षांपूर्वीच्या गाडीला आवाजाची मर्यादा लागू नव्हती, मग माप कशाशी ताडून पाहावयाचे? प्रस्तुत लेखकाच्या मते ही अडचण खोटी आहे. बुलेट ३५०, जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० अशा फार तर डझनभर गाड्यांचा प्रश्न आहे. मूळ सायलेन्सर शाबूत असलेली प्रत्येकी एक-दोन वाहने हौशी मालक आनंदाने देतील. उभ्या गाडीच्या नळीपासून अर्ध्या मीटरवर, पंचेचाळीस अंशांत ध्वनिमापक धरून मोजण्याची पद्धत जगभर मान्य आहे. तो आकडा त्या गाडीचा दंडक ठरवावा आणि पर्यायी सायलेन्सर त्याच्या आत असेल तरच त्याच्या विक्रीस परवानगी द्यावी.

राहिली तपासणी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी जुनी गाडी परिवहन कार्यालयात न्यावीच लागते. शिवाय पीयूसी प्रमाणपत्र आहेच. ते देणारा माणूस प्रत्येक वेळी त्याच सायलेन्सरच्या तोंडात नळी खुपसतो, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतो आणि कागद देतो. धूर ज्या भोकातून येतो, त्यातूनच आवाज येतो. पण तो मोजण्याची व्यवस्था त्या तपासणीत नाही. त्या टेबलावर एक ध्वनिमापक ठेवणे हे रोडरोलर भाड्याने आणण्यापेक्षा खचितच स्वस्त पडेल.