अपडेट अडले की कामही अडते

कोराडी, विशेष प्रतिनिधी – यंत्र अवचित बंद पडू नये यासाठी ते अधूनमधून ठरवून बंद करावे लागते, हे कोराडीच्या रहिवाशांना वेगळे सांगावे लागत नाही. नागपूरच्या उत्तरेस वसलेल्या या गावात १९७४ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज येथे महानिर्मितीचे ६६० मेगावॉट क्षमतेचे तीन संच उभे आहेत. औष्णिक केंद्रात ठरावीक काळाने संच थांबवून बॉयलर, टर्बाइन आणि नियंत्रण यंत्रणा तपासल्या जातात. एक संच देखभालीसाठी थांबला तरी उरलेले चालू राहावेत, असे नियोजन केलेले असते. देखभालीची तारीख, लागणारे दिवस आणि काही बिघडलेच तर करावयाची पर्यायी व्यवस्था हे सारे आधी कागदावर येते आणि मगच पान्ह्याला हात लागतो.

ज्या संगणकांवर आज गावोगावी दाखले निघतात, शाळांचे निकाल तयार होतात आणि दुकानांचे हिशेब लिहिले जातात, त्या संगणकांच्या वाट्याला मात्र अशी शिस्त क्वचितच येते. ऑपरेटिंग सिस्टीमचे, अर्थात संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीचे, अपडेट आले की ते ‘नंतर पाहू’ म्हणून ढकलले जाते. एके दिवशी ते आपोआप सुरू होते, निम्म्यावर अडते, संगणक पुन्हा पूर्वपदावर येतो आणि पडद्यावर एक अगम्य क्रमांक उमटतो. त्यानंतर बहुतेकांचा निर्णय एकच असतो, तो म्हणजे अपडेट कायमचे बंद करून टाकणे. हा निर्णय किती महाग पडू शकतो याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्यामुळे तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

नकाराची कारणे

अपडेट बसत नाही याचा अर्थ संगणक निकामी झाला, असा नव्हे. बहुतांश वेळा कारण साधे असते आणि पडद्यावरचा क्रमांकच ते सांगत असतो. ‘०एक्स८००७००७०’ हा क्रमांक दिसला, तर डिस्कवर पुरेशी जागा नाही असे समजावे. मोठ्या आवृत्तीबदलासाठी सी ड्राइव्हवर वीसेक जीबी जागा मोकळी असावी लागते. ‘०एक्ससी१९००१०१’ने सुरू होणारा क्रमांक हा प्रामुख्याने ड्रायव्हरच्या, म्हणजे प्रिंटर, ग्राफिक कार्ड यांसारख्या उपकरणांना चालविणाऱ्या आज्ञावलींच्या बिघाडाकडे बोट दाखवितो. जुन्या संगणकात मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपली, की घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला खोटे वाटू लागते आणि अपडेट उतरवून घेण्याचे काम प्रारंभीच थांबते. अल्प खर्चाच्या या बॅटरीपायी अख्खा संगणक बदलण्याचा सल्ला मिळाल्यास नवल नाही.

काही वेळा दोष वापरणाऱ्याचा नसतोच. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी आलेले केबी ५०३४४४१ हे सुरक्षा अपडेट याचे ठळक उदाहरण होय. ते बसविण्यासाठी डिस्कच्या रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. असंख्य संगणकांत हा विभाग मुळातच लहान ठेवलेला होता. परिणामी ‘०एक्स८००७०६४३’ हा क्रमांक जगभर झळकला. जागा अपुरी आहे असे स्पष्ट सांगण्याऐवजी, अपडेट बसविताना त्रुटी आली एवढाच मोघम संदेश लोकांना मिळाला. कंपनीने सुचविलेला उपाय हा हाताने आज्ञा लिहून डिस्कचे विभाग बदलण्याचा होता. सामान्य माणसाने तो करणे म्हणजे घराचा पाया स्वतः खणण्यासारखेच होते.

क्रम महत्त्वाचा

अशा वेळी हाती येईल तो उपाय करून पाहण्यापेक्षा क्रमाने जाणे हिताचे ठरते. सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर ही कुलूपबंद करणारी सुविधा सुरू असेल, तर तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. पुढे एखादा बदल करताना संगणकाने ती मागितली आणि ती हाताशी नसली, तर डिस्कवरील माहितीवर पाणी सोडावे लागते. त्यानंतर अपडेटच्या इतिहासात जाऊन केबी क्रमांक आणि त्रुटीचा क्रमांक टिपून घ्यावा.

दुसऱ्या टप्प्यात तारीख व वेळ, डिस्कवरील जागा आणि इंटरनेट जोडणी तपासावी. पेनड्राइव्ह, प्रिंटर आदी जास्तीची उपकरणे काढावीत. बाहेरचा अँटिव्हायरस अडथळा आणत असल्यास तो तेवढ्यापुरता थांबवावा आणि काम झाल्यावर न विसरता पुन्हा सुरू करावा. एवढ्याने अनेक संगणक मार्गी लागतात. न लागल्यास विंडोजमधील ट्रबलशूटर चालवून पाहावा. अर्धवट उतरलेल्या फाइलींमुळे अडथळा येत असेल, तर अपडेटची सेवा थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरमधील साठा रिकामा केला जातो. प्रणालीच्या मूळ फाइलीच बिघडल्या असतील, तर प्रथम डीआयएसएम आणि नंतर एसएफसी या दोन आज्ञा चालविल्या जातात. पहिली आज्ञा दुरुस्तीसाठी लागणारा मूळ साठा नीट करते, तर दुसरी त्या साठ्यातून खराब फाइली बदलते.

तरीही गाडी पुढे सरकली नाही, तर टिपलेल्या केबी क्रमांकाचे अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत कॅटलॉगमधून स्वतंत्रपणे घेता येते. अखेरचा मार्ग असतो तो त्याच प्रणालीची प्रत तिच्यावरच पुन्हा बसविण्याचा. योग्य पर्याय निवडल्यास यात फाइली व प्रोग्राम कायम राहतात. ‘फॉरमॅट मारून देतो’ असे म्हणणाऱ्याकडे संगणक सोपविण्यापूर्वी या मार्गाची विचारणा अवश्य करावी.

यातील कोणत्याही टप्प्यावर वीजपुरवठा खंडित होणे घातक असते. त्यामुळे डेस्कटॉपला यूपीएस हवा आणि लॅपटॉप चार्जरला जोडलेला हवा. टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबली, तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर बटन दाबून संगणक बंद करू नये. ‘तुमचे अपडेट अडले आहे, आम्ही दुरुस्त करून देतो’ असा फोन आला, तर तो थेट बंद करावा. मायक्रोसॉफ्ट असे फोन करीत नाही.

न केलेल्या अपडेटची किंमत

एवढा खटाटोप करायचा कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर २०१७ या वर्षाने दिले आहे. विंडोजमधील एक गंभीर त्रुटी बुजविणारे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झाले होते. ते ज्यांनी बसविले नव्हते, त्यांच्या संगणकांवर जेमतेम दोन महिन्यांनी, १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने घाला घातला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद झाले आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागण्यात आली.

त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याची झळ थेट महाराष्ट्राला बसली. जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क समूहाकडून चालविले जाते. समूहाची संगणक यंत्रणा कोसळताच तेथील कंटेनरची चढ-उतार विस्कळीत झाली. या हल्ल्यात मर्स्कने स्वतःचे नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचा अंदाज नंतर जाहीर केला. या प्रसंगात आणखी एक धडा दडलेला होता. नॉटपेट्याचा शिरकाव झाला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आणि पुढे तो पसरण्यासाठी मार्चमध्येच बुजविता आली असती अशी त्रुटीही त्याच्या कामी आली. म्हणजे एक अपडेट विषारी निघाले आणि दुसरे न बसविल्याने ते विष फैलावले.

अपडेटच घातक ठरते तेव्हा

अपडेटकडे साशंकतेने पाहणाऱ्यांचा मुद्दा म्हणूनच सरसकट निकालात काढता येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थबकले. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. तथापि तोपर्यंत बंद पडलेल्या संगणकांपैकी बहुतेकांजवळ माणसाने प्रत्यक्ष जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल पुसण्यावाचून गत्यंतर राहिले नव्हते. फाइल सदोष होती हा एक दोष झाला. तो एवढा महाग पडला, कारण ती सर्व ग्राहकांना एकाच वेळी पाठविली गेली. यापुढे असे बदल टप्प्याटप्प्याने पाठवू, अशी ग्वाही कंपनीने नंतर दिली. तिन्ही संच एकदम उघडायचे नसतात, हा वीज केंद्रातला साधा नियमच तिने एका अर्थाने मान्य केला.

औद्योगिक नियंत्रण यंत्रणांमध्ये हा नियम अधिक काटेकोर असतो. अशा यंत्रणांत अपडेट परस्पर बसविले जात नाही. यंत्रणेच्या निर्मात्याने ते तपासून मान्य करावे लागते आणि त्यासाठी नियोजित बंदच्या काळाची वाट पाहावी लागते. तोवर संरक्षणाची भिस्त असते ती यंत्रणा इंटरनेटपासून अलग ठेवण्यावर. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा सायबर घातपाताची शक्यता राज्य सरकारने मार्च २०२१ मध्ये व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीचे कारण पुढे केले. मतभेद काहीही असोत, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून तोडून ठेवण्यावर त्यांत भर दिला. सेवा केंद्राच्या किंवा शाळेच्या संगणकाला हा अलगपणा परवडणारा नाही, कारण इंटरनेटशिवाय त्याचे कामच होत नाही. साहजिकच वेळेवर बसविलेले अपडेट हेच त्याचे मुख्य कवच ठरते.

जुन्या यंत्रांचे काय?

खरी अडचण आहे ती ज्यांचे अपडेट कितीही प्रयत्न केले तरी बसणार नाही, अशांची. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. काही संगणकांत टीपीएम असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते सुरू करताच वाट मोकळी होते. मात्र प्रोसेसरच जुना असेल तर इलाज नाही. आडमार्गाने विंडोज ११ बसविता येते, परंतु अशा संगणकांना पुढील अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडल्यास ती विनामूल्य, अन्यथा ३० डॉलर असा पर्याय ठेवण्यात आला. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रतिसंगणक ६१ डॉलर ठेवला गेला आणि तो दरवर्षी दुप्पट होणारा आहे. शैक्षणिक संस्थांना मात्र पहिल्या वर्षी केवळ एक डॉलर आकारण्याचे ठरले. ही सवलत आपल्या शाळेला लागू होते काय, याची चौकशी मुख्याध्यापकांनी संगणक पुरवठादाराकडे करावयास हवी. दुसरा मार्ग मुक्त प्रणालींचा आहे. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस लिनक्स मराठीसह भारतीय भाषांत चालते आणि केरळने आपल्या शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर यशस्वीपणे चालवून दाखविल्या आहेत. दाखले देणाऱ्या केंद्रांनी मात्र बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि प्रिंटर तेथे चालतात काय, हे आधी पडताळूनच पाऊल उचलावे.

प्रश्न अखेरीस व्यवस्थेचा आहे. सरकारी योजनेतून संगणक येतो तेव्हा खरेदीचा निधी असतो, उद्घाटनाची फीत असते. देखभालीचे वेळापत्रक आणि त्यासाठीची तरतूद मात्र नसते. शाळा, ग्रामपंचायती व सेवा केंद्रे यांच्याकडील प्रत्येक संगणकाची आवृत्ती, वय आणि शेवटच्या अपडेटची तारीख एका वहीत लिहिली गेली, तरी निम्मे काम होईल. महिन्यातील एक दिवस अपडेटसाठी राखावा. आधी एका संगणकावर ते बसवून पाहावे आणि दोन दिवसांनी उरलेल्यांवर बसवावे. दाखल्यांची गर्दी उसळणारा जून महिना उजाडण्यापूर्वी जुन्या यंत्रांचा निर्णय घ्यावा. या कामाला मोठा खर्च लागत नाही. लागते ती कोराडीच्या चिमण्यांखाली गेली पन्नास वर्षे पाळली जाणारी सवय. यंत्र थांबण्याची वेळ आपण ठरविली नाही, तर ती यंत्र ठरविते आणि तेव्हा खिडकीसमोर रांग लागलेली असते.