आमचं ठरलंय... पण बोलायचं काय ते दिल्ली ठरवतीय

गेल्या आठवड्यात कट्ट्यावर एकानं छातीठोकपणे सांगितलं, "हिंदी चॅनेल बंद करा, निवडणुका आपोआप सरळ होतील." चार जणांनी माना डोलावल्या. मला काय ते पटेना. रात्री घरी आल्यावर विचार करत बसलो, आणि हे लिहितोय. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आधी आपल्याच जिल्ह्याचा हिशोब बघूया. २०१९ ची लोकसभा आठवा. पुलवामा, बालाकोट झालेलं, हिंदी चॅनेलवर दिवसरात्र युद्धाचं वातावरण. मंडलिक अडीच लाखांहून जास्त मतांनी आले. दिल्लीच्या स्टुडिओत त्याचा अर्थ एका शब्दात लावला, लाट. कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाडीवर विचारलं असतं तरी कळलं असतं की इथं 'आमचं ठरलंय' चाललं होतं. काँग्रेसच्या सतेज पाटलांनी आघाडीच्याच महाडिकांच्या विरोधात काम केलं, उघड उघड. लाट नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण 'आमचं ठरलंय' त्या ग्राफिकमध्ये कुठं बसणार?

त्याच वर्षीचा ऑगस्ट तर विसरणं शक्यच नाही. ५ तारखेला ३७० कलमाचा निर्णय झाला आणि त्याच दिवसांत पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, जवळपास आठवडाभर रस्ता बंद. पेट्रोल नाही, दूध नाही. आमचे काका प्रयाग चिखलीचे. काकी आणि पोरांना घेऊन आमच्याकडं आले. गोठा सोडवत नव्हता, पण नावेतून म्हस कशी आणणार? दावं सोडून आले होते.

आमच्याकडं लाइट होती. काका टीव्हीसमोर बसून राहिले. कुणीतरी हिंदी चॅनेल लावलेलं. लाल चौकात तिरंगा, स्टुडिओत जल्लोष, खाली पट्टी. महापूर त्या पट्टीत अधूनमधून यायचा आणि पुढं सरकायचा. बराच वेळ बघून काका एवढंच म्हणाले, "काश्मीर आपलंच हाय, पर माझी म्हस कुठं हाय?" आम्ही हसलो. हसायला नको होतं.

मराठी चॅनेलवाले पाण्यात उतरून बातम्या देत होते, ते मान्य करायलाच पाहिजे. पुढारी, सकाळ तर पानंच्या पानं भरत होते.

पुढं ऑक्टोबरमध्ये विधानसभा. प्रचारात पुन्हा ३७०. निकाल काय लागला? जिल्ह्यातल्या दहा जागांत भाजपला एकही नाही, आणि शिवसेना सहावरून एकावर. २०२४ च्या लोकसभेला १ जूनच्या एक्झिट पोलनी 'चारशे पार'ची हवा तापवली. इथं शाहू महाराज दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. मग सहा महिन्यांत विधानसभेला बरोब्बर उलटं, जिल्ह्यात काँग्रेसला भोपळा. 'बटेंगे तो कटेंगे' हिंदीतून आलं होतं, ते खरं. पण लाडक्या बहिणीचे १५०० रुपये खात्यावर आले होते ते कुठल्या भाषेत? आणि उत्तरमध्ये ऐन माघारीच्या दिवशी काँग्रेसनं जो घोळ घातला, त्याला कुठलं चॅनेल जबाबदार?

तेव्हा हिंदी चॅनेल बघून कोल्हापूरकर बटण दाबतो, हे मला मान्य नाही. पावणं-रावळं, तालीम, कारखाना, दूध संस्था, गट, पाकीट, या सगळ्यातून ते ठरतं. आणि हिंदी मीडिया म्हणजे फक्त ओरडणारे अँकर असंही नाही. आमच्या गल्लीतली कॉलेजची पोरं टीव्ही बघतच नाहीत, रवीश कुमार आणि ध्रुव राठी बघतात. तेही हिंदीच की!

मला भीती आहे ती दुसरीच. मत कुणाला हे आपण ठरवतो, पण बोलायचं कशावर हे आपल्या हातातनं निसटतंय. ७ जून २०२३ आठवा. एका स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. दिल्लीत असलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याचा त्या दिवशी तीनदा फोन आला, "तुम्हारे कोल्हापुर में क्या हो रहा है?" महापुरात त्याचा एकदाही आला नव्हता. चूक त्याची नाही, त्याला दिसलंच नव्हतं. शक्तिपीठ महामार्गाला विरोध करत आपले शेतकरी रस्त्यावर उतरले, अलमट्टीची उंची वाढवायचा विषय डोक्यावर टांगलाय. यावर दिल्लीतून रात्री नऊची चर्चा कधी ऐकली?

आता मराठी चॅनेल बघा म्हणावं, तर एबीपी माझा, झी २४ तास, न्यूज१८ लोकमत ही सगळी हिंदीत पाय रोवलेल्या समूहांचीच भावंडं. विषय वरून येतात, आपण फक्त 'है' चं 'आहे' ऐकतो.

जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. २०२० च्या नोव्हेंबरपासून तोपर्यंत सभागृहात नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडं होता. म्हणजे विचारायला पाच वर्षांचं साठलेलं होतं. आमच्या गल्लीत एक उमेदवार आला. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. मी थेट पाइपलाइनचा विषय काढणार होतो, कारण त्याच आठवड्यात आम्ही टँकरमागं पळालो होतो. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरच्या वीस-बावीस वर्षांच्या पोरानं हात वर केला आणि विचारलं, "बांगलादेशाबद्दल तुमची भूमिका काय?"

उमेदवार खूश झाला. खुर्ची पुढं ओढली आणि पाऊण तास त्याच्यावरच बोलला. पाण्याचं विचारायचं राहून गेलं.