मोटारीचे नाक

बारामती–इंदापूरच्या फेऱ्यांत आमची जुनी मोटार पाण्यासारखे पेट्रोल पिऊ लागली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर बदला."

वाचकहो, हा सेन्सर म्हणजे मोटारीचे नाक. धुरात उरलेला प्राणवायू हुंगून तो पेट्रोलचे माप सुचवतो.

मी म्हटले, आधी नाडी पाहा! इंजिन तापल्यावर त्याच्याजवळचा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत हेलकावला पाहिजे. आकडा एके जागी अडकला, आणि तार वा धुराची नळी फुटलेली नसली, तरच नवा घ्यावा. भंगारातला नको; त्याचे वय कोण सांगणार? कंपनी साधी चालेल, पण पार्ट नंबर, तारा नि प्लग जुळलेच पाहिजेत.

चालढकल मात्र नको. जादा पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळाला, तर सेन्सरच्या कितीतरी पट खर्च. मग दिवाळीतच दिवाळे!