मापे दोन कशासाठी?

बिश्केक, समरकंद, तिबिलिसी ही नावे आता बीड-जालन्याच्या घरांना परकी राहिलेली नाहीत. 'नीट'मध्ये मूल पात्र ठरले, पण छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा दुसऱ्या सरकारी महाविद्यालयात नंबर लागला नाही आणि खासगीची फी झेपत नाही, की एजंट तिथल्या वैद्यकीय शिक्षणाची वाट दाखवतात. परतल्यावर डॉक्टरकीच्या परवान्यासाठी द्यायच्या परीक्षेविषयी मात्र ते सहसा हातचे राखून बोलतात.

ती परीक्षा म्हणजे 'एफएमजीई'. २००२ पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. ३०० प्रश्न, १५० गुण मिळाले की पास, चुकीच्या उत्तराला गुणही कापले जात नाहीत. तरी अलीकडच्या बहुतेक खेपांत चार-पाच जणांतला एखादाच सुटतो. मग अट सैल करा, अशी ओरड होते. ती आम्हाला मान्य नाही. ही परीक्षा उत्तीर्ण न होताच ७३ परदेशी पदवीधरांनी वेगवेगळ्या राज्यांत नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ९१ ठिकाणी छापे घातले होते. असा कुणी तालुक्याच्या गावी दवाखाना थाटून बसला, तर त्याची परीक्षा रुग्णाच्या जिवावर होते.

पण आहे ती परीक्षा तरी डॉक्टर पारखते का? सगळा मामला चार पर्यायांचा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा विद्यार्थी अंतिम वर्षी परीक्षकांसमोर रुग्ण तपासतो, केस मांडतो, तोंडी परीक्षेत घाम गाळतो. परदेशातून आलेल्याला साधे सलाईन लावता येते का, हे त्या ३०० प्रश्नांतून कळत नाही. प्रश्नपत्रिकाही गुप्त. नापास झालेल्याला नेमके कुठे चुकले ते उमगत नाही. क्लासवाल्यांचे फावते, ते वेगळेच. पास झाल्यावर पुन्हा इंटर्नशिपच्या जागेसाठी खेटे. महाविद्यालयात मंजूर जागांच्या जास्तीत जास्त साडेसात टक्के; म्हणजे २०० जागा असतील तर १५ जण.

यावरचा उपाय २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातच आहे: 'नेक्स्ट'. देशात शिकलेला असो की परदेशात, सरकारी असो की खासगी, परवान्यासाठी सर्वांना एकच परीक्षा. कायदा अमलात आल्यापासून तीन वर्षांत ती सुरू व्हायची होती. ती मुदत केव्हाच उलटली. देशातल्या विद्यार्थ्यांचा विरोध समजण्यासारखा आहे, तयारीला वेळ त्यांनाही हवा. मात्र तपासणीच्या दिवसापुरते प्राध्यापक उभे करणारी महाविद्यालये आपल्याकडेही सापडली आहेत. बिश्केकच्या पदवीवर संशय घ्यायचा आणि या महाविद्यालयांच्या पदवीपुढे मान तुकवायची, हा कुठला न्याय?

आयोगाने 'नेक्स्ट'ची तारीख जाहीर करावी आणि तिचा प्रात्यक्षिकाचा टप्पा कागदावरच ठेवू नये. तोवर निदान प्रत्येक परदेशी विद्यापीठाचा 'एफएमजीई'चा निकाल मराठीतून, प्रवेशाचे पैसे भरण्याआधी, पालकांच्या हाती पडेल एवढे तरी राज्य सरकारने करावे.