अकरा सेंटांची सूट आणि तुमचे ‘विकत घेतलेले’ ई-पुस्तक

१/ सवलतींचा हंगाम आला की एक वाक्य हमखास वाचायला मिळते : ‘छापील पुस्तकाच्या निम्म्या किमतीत ई-पुस्तक विकत घेतले.’ या वाक्यातील किंमत खरी असते, सवलतही बहुधा खरी असते. खोटे असते ते क्रियापद. इतिहासाची आवड सांगणाऱ्या मंडळींनी तरी ते इतक्या सहजपणे वापरू नये. पुस्तक ‘विकत घेणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला गेला आहे, आणि तोही सवलतीवरूनच. #थ्रेड

२/ साल १९०४. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने हॅली एर्मिनी राइव्ह्ज या लेखिकेची ‘द कास्टअवे’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. प्रताधिकाराच्या सूचनेखाली एक मजकूर छापलेला होता. आशय असा : या पुस्तकाची किरकोळ किंमत १ डॉलर; त्याहून कमी किमतीस विकण्याचा परवाना कोणाही विक्रेत्यास नाही; कोणी तसे विकल्यास तो प्रताधिकाराचा भंग समजला जाईल.

‘परवाना’ हा शब्द ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

३/ न्यूयॉर्कमधील ‘मेसीज’ हे भव्य दुकान तेव्हा इसिडोर आणि नेथन स्ट्रॉस या बंधूंचे होते. (यांतील इसिडोर १९१२ साली पत्नी आयडासह टायटॅनिकवर बुडाले. ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, ही नसते.) त्यांनी ही कादंबरी ८९ सेंटांना विकायला काढली. सूट अवघी ११ सेंटांची. छापील सूचना त्यांना माहीत नव्हती असे नाही. माहीत असूनच त्यांनी ती जुमानली नाही.

४/ स्ट्रॉस बंधू कोणी ज्ञानप्रसाराचे व्रत घेतलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. स्वस्त पुस्तक पाहून आलेला गिऱ्हाईक जाता जाता चार वस्तू आणखी घेईल, हा निव्वळ दुकानदारी हिशेब. प्रकाशकांशी त्यांचे भांडणही जुनेच होते. सूट देणाऱ्या विक्रेत्यांना माल देऊ नये असे प्रकाशकांच्या संघटनेने ठरवले होते आणि मेसीजवर तो बहिष्कार चाललेला होता. १९१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या संगनमतालाही बेकायदा ठरवले. हक्क पुष्कळदा अशाच नफेखोर हातांनी मिळवून ठेवलेले असतात.

५/ बॉब्स-मेरिलच्या खटल्याचा निकाल १ जून १९०८ रोजी लागला. न्यायमूर्ती विल्यम डे यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा साधा आहे : प्रत विकण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा, पण तो एकदा वापरला की संपला. ती प्रत पुढे कोण, कोणाला, किती किमतीस विकतो यावर नुसती सूचना छापून ताबा ठेवता येणार नाही. मजकूर लेखकाचा राहतो, प्रत घेणाऱ्याची होते. पुढच्याच वर्षी, १९०९ च्या कायद्यात, अमेरिकेने हे तत्त्व लिहूनही टाकले.

६/ आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या १४व्या कलमात एकदा विकलेली प्रत ‘प्रचलनात’ आली असे मानले आहे. अप्पा बळवंत चौकात जुने पुस्तक मिळते, फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर रास लागते, आजोबांचे कपाट नातीकडे येते, गावच्या वाचनालयाला कोणी दोनशे पुस्तके देणगी देतो, आणि यांपैकी कोणालाही प्रकाशकाची परवानगी मागावी लागत नाही. त्यामागे हे तत्त्व उभे आहे.

७/ सवलत ही निर्विवाद चांगली गोष्ट आहे, असे माझे म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये १९०० पासून ९० च्या दशकापर्यंत प्रकाशकांच्या करारामुळे पुस्तके छापील किमतीसच विकली जात. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने सवलतीवर ५ टक्क्यांची मर्यादा घातली. लहान दुकाने टिकावीत हा त्यांचा हेतू होता आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण एक भेद पाहा. या व्यवस्था दुकानदाराचा हात धरत. वाचक पुस्तक घेऊन घरी गेला की ते त्याचेच असे.

८/ आता ई-पुस्तकाकडे या. किंडलच्या अटींत स्पष्ट लिहिले आहे की हा मजकूर विकला जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. भेटला ना तो शब्द? बॉब्स-मेरिलला कागदावर जे साधले नाही, ते पडद्यावर साधले. प्रत पुन्हा विकता येत नाही, देऊन टाकता येत नाही. उसनी द्यायची तर कंपनी मुभा देईल तेवढीच. युरोपातील ‘टॉम कॅबिनेट’ खटल्यात, डिसेंबर २०१९ मध्ये, वापरलेली ई-पुस्तके हक्कधारकाच्या संमतीवाचून विकता येणार नाहीत, असा निर्णयही झाला.

९/ ‘पण माझे पुस्तक कोण काढून घेणार?’ असे विचाराल, तर जुलै २००९ आठवा. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असे आढळल्यावर अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधील प्रती दुरूनच पुसून टाकल्या. पुसलेली पुस्तके होती ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’! एका शाळकरी विद्यार्थ्याने ‘१९८४’ वर काढलेल्या अभ्यासाच्या टिपा त्यामुळे निरुपयोगी झाल्या. तो न्यायालयात गेला. कंपनीने माफी मागितली, तडजोड केली.

१०/ दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. जुलै २०१९ मध्ये वाचकांची सारी पुस्तके गेली. पैसे परत मिळाले, हे मान्य. ज्यांनी समासात टिपा केल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर मिळाले. वाचकाच्या विचारांची किंमत इतक्या नेमकेपणाने ठरवल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

११/ थोडे विषयांतर, पण उपयोगाचे. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली तेव्हा व्होल्स्टेड कायद्याच्या २९व्या कलमाने घरी, घरच्यांपुरता, ‘मादक नसलेला’ फळांचा रस करण्यास सूट दिली होती. मादक कशाला म्हणायचे हे इतके मोघम ठेवले की घरोघरी वाइन मुरू लागली आणि कॅलिफोर्नियाची द्राक्षे आगगाडीने न्यूयॉर्क-शिकागोकडे धावू लागली. अट एवढीच : घरी बसून प्या, पण तो रस विकायचा नाही, कोणाकडे पोचवायचाही नाही. अपवाद फक्त व्हिनेगर बनवण्याचा परवाना असलेल्यांचा.

ई-पुस्तकाची अट हीच आहे. स्वतःपुरते वाचा, बाहेर देऊ नका. सरकारने जी वागणूक दारूला दिली, ती कंपन्यांनी ग्रंथाला दिली; त्यात व्हिनेगरवाल्याची सोयही ठेवली नाही.

१२/ कोणी म्हणेल, कागदाला वाळवी लागते आणि तुम्ही स्वतः जुनी साधने पीडीएफवर वाचता. दोन्ही खरे. म्हणून माझे भांडण पडद्याशी नाही, कुलपाशी आहे. प्रताधिकार संपलेल्या ग्रंथाची मोकळी पीडीएफ तुम्ही दहा ठिकाणी जपू शकता, मित्राला देऊ शकता. ती कागदी प्रतीहून अधिक तुमची आहे. कुलूपबंद फाइलचे आयुष्य मात्र कंपनीच्या मर्जीइतके.

१३/ राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्या साधनांमागची दप्तरे कोणी कंपनीने सांभाळली नव्हती. ती वाड्यांच्या माळ्यांवर, पेटाऱ्यांत, कधी मोल न कळलेल्या वारसांच्या घरी पडून होती. पुष्कळ नष्ट झाली. उरली ती केवळ एवढ्यासाठी, की दूर बसलेल्या कोणाला ती एका कळीसरशी नाहीशी करता येत नव्हती.

१४/ १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात नवा कायदा लागू आहे : परत काढून घेता येणारा डिजिटल माल विकताना ‘हा केवळ परवाना आहे’ हे ठळकपणे सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असे लिहिता येत नाही. आपल्या दुकानांच्या कळीवरही ‘वाचायला घ्या’ असे लिहा. मग खुशाल ८० टक्के सूट द्या, मीही घेईन. भाड्याला ती किंमत योग्यच आहे.

१५/ माझ्याकडे पदपथावर घेतलेला साधनांचा एक जुना खंड आहे. आत एका वाचनालयाचा पुसट शिक्का, एका अनोळखी मालकाची सही आणि समासात पेन्सिलीने केलेल्या टिपा. एका ठिकाणी त्या गृहस्थांनी संपादकांची तारीख चुकीची ठरवली आहे. मी पडताळली, बरोबर गृहस्थांचीच निघाली.

तुमच्या कपाटातील सर्वांत जुन्या प्रतीवर कोणाची सही आहे? खाली छायाचित्र टाका. पत्ता असेल तर तेवढा झाका.