पेढे वाटून झाल्यावर

कॅम्पस मुलाखतीत निवड झाली की घरात पेढे येतात. संगमनेर असो की अंबाजोगाई, शेजाऱ्यांना कंपनीचे नाव सांगताना आईवडिलांचा ऊर भरून येतो. त्या नावासाठी चार वर्षांची फी भरलेली असते, बरेचदा बँकेचे शैक्षणिक कर्जही काढलेले असते. २०२२ मध्ये इन्फोसिसने निवडलेल्या मुलांच्या घरीही हेच झाले असणार. त्यांच्या हाती ऑफर लेटर होते, रुजू होण्याची तारीख मात्र नव्हती. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार अशी सुमारे २,००० मुले दोन वर्षांहून अधिक काळ ताटकळत राहिली. संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. त्यानंतर त्यातली अनेक मुले म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच केंद्रातून ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आले. तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत, असे कंपनीने सांगितले.

परीक्षा घेण्याचा कंपनीचा हक्क कोणी नाकारत नाही. पण दोन वर्षे आज बोलावतील, उद्या बोलावतील म्हणून थांबलेल्या मुलाचे नुकसान त्या परीक्षेआधीच झालेले असते. कर्जाचे हप्ते सुरू होतात, पुढची बॅच पदवी घेऊन बाहेर पडते आणि दुसरीकडे मुलाखतीला गेले तर ‘मधली दोन वर्षे काय केलेत?’ हा प्रश्न ठरलेला असतो.

मंदीचा, क्लायंटच्या लहरीचा आणि आता एआयचा सगळा धोका या उद्योगाने सर्वांत तरुण, सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या डोक्यावर ठेवला आहे. विप्रोने फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशरना साडेतीन लाखांवर येण्यास तयार आहात का, असे विचारले. त्या मुलांनी प्रशिक्षणही पूर्ण केले होते. बाहेर नोकऱ्या आटलेल्या असताना ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्यांच्यात कुठून येणार?

साडेतीन लाखांचा हा आकडा नीट पाहायला हवा. २०१२ च्या सुमारास मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत फ्रेशरचे वार्षिक पॅकेज सव्वातीन लाखांच्या आसपास होते. आजही नेहमीच्या भरतीत ते साडेतीन लाखांच्या आगेमागेच आहे. २०१२ चा ग्राहक किंमत निर्देशांक १०० धरला तर जुलै २०२४ मध्ये तो १९३ होता. म्हणजे नुसती महागाई भरून काढायची तरी हे पॅकेज सव्वासहा लाखांवर जायला हवे होते. हिंजवडीत तिघांनी मिळून खोली घेतलेल्या मुलाला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही.

याच उद्योगाने एकेकाळी माणसे घडवली, हे विसरता येत नाही. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाली, १९८८ मध्ये पुण्यातच सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मुलांना चार-सहा महिने शिकवून प्रोग्रामर करण्याचे काम आयटी कंपन्यांनी वर्षानुवर्षे मन लावून केले. त्यात त्यांचा फायदाही होता. प्रकल्पावर वर मोजके अनुभवी आणि खाली भरपूर फ्रेशर असा मनोरा रचला की सरासरी खर्च उतरतो. टीसीएसने २०२१-२२ या एका वर्षात एक लाख फ्रेशर घेतले. मग वारे फिरले. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४,००० ने घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने १२,००० हून अधिक जणांना कमी करणार असल्याचे जाहीर केले. या वेळी कुऱ्हाड प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीवर होती. फ्रेशर ज्यांच्याकडे पाहून शिकतात, तीच ही माणसे.

बेंचचेही तसेच. पूर्वी एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत बेंचवर बसलेला माणूस नवे काही शिकून घ्यायचा. जून २०२५ पासून टीसीएसच्या कर्मचाऱ्याने वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल अशा कामावर, असावे आणि ३५ दिवसांहून अधिक बेंचवर राहू नये, असा नियम आला. काम आणणे हे कंपनीचे काम. ते आले नाही तर त्याची शिक्षा प्रोग्रामरला का?

आयटीतल्या माणसाला कायदा लागू नाही, हा समज घट्ट रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारे येत होते, नव्या कामगार संहितेनेही तो शब्द कायम ठेवला. चेन्नईत २०१५ मध्ये कमी केलेल्या एका आयटी कर्मचाऱ्याला कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये परत घेण्याचा आदेश दिला. सात वर्षे लागली, तरी त्याला कामगार मानले गेले. कपात करायची तर वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची भरपाई द्यावी लागते. म्हणूनच एचआरच्या खोलीत बोलावून ‘राजीनामा द्या, अनुभवाचे पत्र चांगले देऊ’ असे सांगितले जाते. राजीनाम्यावर सही झाली की कागदोपत्री ती कपात उरतच नाही. तोच कर्मचारी स्वतःहून निघाला तर मात्र अनेक ठिकाणी तीन महिन्यांचा नोटीस पिरियड सक्तीचा असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले, हे चांगले झाले. पण ते पत्र मिळण्याच्या आधीची दोन वर्षे अजून कोणत्याच कायद्यात मावत नाहीत. ऑफर लेटरवर रुजू होण्याची शेवटची तारीख असावी, ती टळली तर दरमहा काही रक्कम द्यावी, एवढी तरतूद राज्य सरकारला करता येईल.

महाविद्यालयांनाही यातून सुटका नाही. प्रवेशाच्या हंगामात फाटकावर लागणाऱ्या फलकावरचा प्लेसमेंटचा आकडा बहुधा ऑफर लेटरांचा असतो, रुजू झालेल्यांचा नव्हे. त्याच फलकावर आणखी दोन आकडे छापणे तंत्रशिक्षण विभागाने सक्तीचे करावे: मागच्या वर्षी निवड झालेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले आणि त्यांना किती महिने थांबावे लागले.